रकाना रिकामा ठेवू नये

आमच्या घरात खुर्च्या पुष्कळ आहेत, पण बसण्यासारखी एकच. ती दिवाणखान्यात खिडकीशी आहे. तिथे उजेड डाव्या खांद्यावरून येतो, पंख्याचा वारा लागतो पण कागद उडत नाहीत, रस्त्यावरचं सगळं आपल्याला दिसतं आणि रस्त्यावरच्या कोणालाही आपण दिसत नाही. शिवाय स्वयंपाकघरातून निघालेला चहा सगळ्यात आधी त्या खुर्चीपाशी पोचतो. ही खुर्ची मी लग्नाआधी घेतली. घरातली ती एकच वस्तू अशी आहे, जी घेताना मला कोणी 'हीच का?' असं विचारलं नव्हतं. तिच्या लाकडी हातांवर माझ्या कोपरांच्या खुणा उमटल्या आहेत असं मी मानतो. बायकोच्या मते त्या चहाच्या कपांच्या आहेत.

माझे सासरे दात बसवायला म्हणून आमच्याकडे आले आणि त्या खुर्चीत बसले. आमच्या कोपऱ्यावरचा दंतवैद्य फार चांगला आहे, असं त्यांना कोणीतरी कळवलं होतं. हे कोणीतरी म्हणजे माझी बायको, हे मला मागाहून समजलं. कवळी तयार झाली, बसली, सैल झाली, पुन्हा बसली. मग ती अंगवळणी पडेपर्यंत राहा, असं बायको म्हणाली. कवळी केव्हाच अंगवळणी पडली. आता ते कडक टोस्टसुद्धा कडाकडा मोडतात. पण तिच्याबरोबर खुर्चीही अंगवळणी पडली. वडीलधाऱ्या माणसाला काही 'उठा' म्हणता येत नाही. मी जवळ गेलो की ते आपणहून उठू लागतात, आणि मग मला 'बसा, बसा' म्हणावंच लागतं. हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ती माझी मनापासूनची इच्छा आहे असं त्यांना वाटत असावं.

नाना, म्हणजे सासरे, परवाना कार्यालयातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले. कसले परवाने, हे मला अजून नीट कळलेलं नाही. विचारलं की ते 'सगळेच' म्हणतात. दंतवैद्याकडे नाव नोंदवायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथे दिलेल्या कागदावर मी नाव आणि पत्ता लिहिला आणि बाकीचं सोडून दिलं. नानांनी तो कागद माझ्या हातातून हलकेच काढून घेतला.

"रकाना रिकामा ठेवू नये, जावईबापू," ते म्हणाले. "रिकामा रकाना म्हणजे उघडं दार. मागाहून कोण येऊन काय भरील, सांगता येत नाही."

मग त्यांनी पूर्वीच्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी, गरोदर आहात काय, असे सगळेच्या सगळे रकाने शाईने भरले आणि खाली सही करून तारीख घातली. काय भरलं ते मी पाहिलं नाही. दंतवैद्य मात्र तो कागद वाचून बराच वेळ त्यांच्याकडे आदराने बघत होता.

आता कोड्याविषयी. आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक मोठं शब्दकोडं येतं. रोजचं छोटं कोडं लोक बसथांब्यावर उभ्याउभ्या सोडवतात. रविवारचं कोडं ही चीजच वेगळी. ते कोण रचतो हे छापलेलं नसतं, आणि त्या माणसाच्या प्रकृतीच्या दृष्टीने तेच बरं आहे. मी ते वर्षानुवर्षं सोडवत आलो. सोडवत आलो म्हणजे रविवारी सुरू करायचं, आठवडाभर कानावर शिसपेन्सिल खोचून हिंडायचं, आणि पुढच्या रविवारी उत्तरं छापून आली की 'हे तर मला येत होतं' असं म्हणायचं. पूर्ण एकदाही झालं नाही. पण कोडी सोडवणारा माणूस म्हणून कचेरीत माझं नाव होतं, आणि नावासाठी उत्तरं यावीच लागतात असं नाही.

नाना आल्यापासून पुरवणी त्यांच्याकडे जाऊ लागली. ते चष्मा पुसत, शाईचं पेन उघडत आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करत. त्यानंतर पेन थांबत नसे. विचार करायला वर बघणं नाही, खोडणं नाही, पुटपुटणं नाही. एक ओळ संपली की दुसरी. चहा निवायच्या आत शेवटचा चौकोन भरून होई. मग कोपऱ्यात सही, तारीख आणि पानाची चौपदरी घडी. 'झालं' असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागत. बायको ती घडी उचलून स्वयंपाकघरात नेई आणि डब्यांखाली घाली, कारण फळ्यांवरचे कागद ती रविवारीच बदलते. 'जरा बघू' हे शब्द अनेकदा माझ्या ओठांवर आले. पण आपल्याला न सुटणारं कोडं दुसऱ्याने सोडवलेलं बघायला मागायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. माणसाने काही बाबतींत ताठ राहावं असं माझं मत आहे.

तर एका संध्याकाळी शेजारचे प्राध्यापक आमचा हातोडा परत करायला आले. हातोडा परत करायला ते नेहमीच स्वतः येतात, म्हणजे चहा होतो. बोलता बोलता कोड्याचा विषय निघाला आणि बायको म्हणाली, "ह्यांना एक कोडं आठवडाभर पुरतं. नाना चहा निवायच्या आत संपवतात." तिच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. तिने ते गॅसची टाकी किती दिवस जाते हे सांगावं तसं सांगितलं, आणि तेच मला लागलं.

"येत्या रविवारी मी ते कोडं दिवे लागायच्या आत पूर्ण करून दाखवीन," मी म्हणालो. "आणि केलं, तर खिडकीजवळची खुर्ची माझी."

प्राध्यापकांनी हातोडा खाली ठेवला आणि ते ऐसपैस बसले. नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आणि नाही केलंत तर?"

"तर पुन्हा खुर्चीचं नाव काढणार नाही."

तोंडी व्यवहारावर नानांचा विश्वास नाही. त्यांनी एक पाठकोरा कागद मागवला आणि अटी लिहून काढल्या. कोडं त्याच दिवसाचं असावं. पुस्तकाची मदत चालेल, माणसाची चालणार नाही, फोनची तर नाहीच. काम दिवे लागायच्या आत सादर करावं. एकही रकाना रिकामा नसावा. मी सही केली, नानांनी केली, साक्षीदार म्हणून प्राध्यापकांनी केली. बायकोला सही करायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला दूध उतू गेलेलं पुसायचं आहे.

रविवारी दोन अंक टाका, असं मी पेपरवाल्याला बजावून ठेवलं होतं. अंक दोन आले, पुरवणी मात्र एकातच होती, आणि मी दात घासून येईपर्यंत ती खुर्चीत पोचली होती. मी पेपरवाल्याकडे गेलो. पुरवण्या मोजून येतात, एका घरात दोन कशाला लागतील असा विचार करून आपण ती कमी केली, असं त्याने मला शांतपणे समजावलं. त्याच्याकडे शिल्लक नव्हती. पलीकडच्या दुकानात नव्हती. शेवटी सलूनच्या बाकावर एक पुरवणी पडलेली दिसली.

सलूनवाल्याने सांगितलं की पेपर गिऱ्हाइकांसाठी आहे. मी आधीच्याच आठवड्यात केस कापले होते, तरी गिऱ्हाईक होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अंगावर पांढरं कापड टाकून घेऊन मी मांडीवर पुरवणी उघडली. 'विणकराचे साधन', दोन अक्षरी. मी विचारात पडलो. तेवढ्यात 'माग' हे उत्तर सुचलं आणि मी समाधानाने मान हलवली. त्याच वेळी सलूनवाला माझ्यामागे यंत्र घेऊन उभा होता आणि आणखी बारीक करू का असं विचारत होता, हे मला आरशात बघितल्यावर कळलं. तोपर्यंत एक बाजू झाली होती, आणि मग दुसऱ्या बाजूलाही पर्याय राहिला नाही. पुरवणी घरी न्यायला त्याने परवानगी दिली, पण संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. कोड्याच्या पाठीमागे आठवड्याचं राशिभविष्य असतं आणि ते गिऱ्हाइकांना लागतं.

घरी पोचलो तेव्हा बायकोने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा कणीक मळू लागली. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं. नानांचं कोडं झालं होतं. त्यांची चौपदरी घडी, सही-तारखेसह, खिडकीच्या कट्ट्यावर होती. निकाल लागेपर्यंत ती डब्यांखाली जाणार नाही असं बायकोने कबूल केलं होतं, आणि त्यामुळे एका फळीवर कागद नाही असंही ती मधूनमधून सांगत होती.

मी चपलांच्या कपाटाशेजारी स्टूल मांडलं. दुपारपर्यंत निम्म्याच्या वर काम झालं, हे मी नम्रपणे नमूद करतो. पण साक्षीदार या नात्याने प्राध्यापक येऊन बसले. ते अर्थशास्त्र शिकवतात, त्यामुळे भाषेविषयी त्यांना फार बोलावंसं वाटतं. मदत करायची नाही हे त्यांनी पाळलं. ते फक्त सहज म्हणून बोलत होते.

'सुताराचे हत्यार', तीन अक्षरी, यावर मी अडलो होतो. आपला एक मामा सुतार होता, असं प्राध्यापक सहज म्हणाले. मग तो मामा सकाळी किती वाजता उठे, कुठलं लाकूड वापरी आणि कशाने कोरी, असं त्यांचं हळूहळू हत्याराच्या दिशेने सरकू लागलं. मी दोन्ही कानांत बोटं घातली. कानांत बोटं घातली की लिहिता येत नाही, हा त्यातला मोठा दोष आहे. मी तसा बसलेला असताना खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. त्या निवृत्त झाल्या आहेत, पण ते त्यांनी मनावर घेतलेलं नाही. काही विचारण्याच्या आत त्यांनी माझी मान वाकडी केली, दोन्ही कानांत औषधाचे थेंब सोडले आणि वर कापसाचे बोळे बसवले. माझा कान दुखत नाही असं मी सांगत होतो. सगळे असंच म्हणतात, असं त्या बहुधा म्हणाल्या असाव्यात. मला फक्त ओठ दिसले. एक मात्र झालं, मामा ऐकू येईनासा झाला आणि मी आपल्या बुद्धीने 'पटाशी' लिहिलं.

तिसऱ्या प्रहरी सगळं घोडं एका ठिकाणी अडलं. 'ज्याने माणूस फुगतो', चार अक्षरी. पहिलं अक्षर 'अ' आलं होतं. मी एका कानातला बोळा काढून कोड्यातली ती ओळ मोठ्याने वाचली, ही माझी चूक. अभिमान, असं नर्सबाई म्हणाल्या. प्राध्यापकांनी लगेच अहंकार पुढे केला आणि अभिमान व अहंकार यांतला फरक सांगायला सुरुवात केली. अभिमानाने माणूस ताठ होतो, फुगत नाही; फुगतो तो अहंकाराने. नर्सबाईंनी दोन्हींचे रुग्ण पाहिले होते आणि दोघेही फुगलेलेच होते. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अपचन."

मी तिला अटी समजावून सांगितल्या. माणसाची मदत चालणार नाही.

"मी कुठे माणूस म्हणून सांगतेय?" ती म्हणाली. "बायको म्हणून सांगतेय."

अशा तऱ्हेने माझ्यापाशी तीन उत्तरं झाली, तिन्ही चार अक्षरी, तिन्ही 'अ'पासून सुरू होणारी आणि तिन्ही बेकायदा. पुस्तकातून एक कायदेशीर करून घ्यावं म्हणून मी वाचनालयात गेलो. नाना खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, खिडकीबाहेर दोन गाड्या अडकल्या की जी शांती येते, ती होती.

वाचनालयाच्या ग्रंथपालांनी माझं कार्ड पाहिलं आणि सभासदत्व संपलं आहे असं सांगितलं. नूतनीकरण सोमवारी होतं. आज काय होऊ शकतं, असं विचारल्यावर ते म्हणाले की आज नवीन सभासद होता येतं, त्याचं टेबल रविवारी उघडं असतं. मी नवीन होतो म्हणालो. पण मी जुना होतो. नवीन व्हायचं तर आधी जुनं सभासदत्व रद्द करावं लागतं, आणि रद्द करायचं टेबल सोमवारी. मी जरा वाद घातला. दुसऱ्या कानात अजून बोळा असल्यामुळे मी किती मोठ्याने बोलतोय याची मला कल्पना नव्हती. मला भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीखाली नेऊन उभं करण्यात आलं तेव्हा ती आली.

कोणा सभासदाचा पाहुणा म्हणून आत जाता येतं, असं तिथेच कळलं. वाचनकक्षात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्यापुढे तेच कोडं होतं. मला पाहुणा करून घ्यायला ते तयार झाले, पण सुताराचं हत्यार सांगितलं तर. मदत घेणं मना होतं, देणं नव्हतं. मी 'पटाशी' म्हणालो. त्यांनी तिथे 'वाकस' लिहिलेलं होतं, तेही पेनाने. पेनाने लिहिणाऱ्या माणसाला मत बदलणं किती जड जातं हे मी घरी पाहत आलो आहे. पटाशी की वाकस यावर आमचं जे बोलणं झालं त्यामुळे ग्रंथपालांनी यजमान आणि पाहुणा दोघांनाही काही काळ बाहेरच्या बाकावर बसवलं.

शेवटी शब्दकोशाच्या कपाटापाशी पोचलो तेव्हा 'अ'चा खंड बांधणीला गेला होता. कधी येईल ते बांधणारा सांगेल, आणि बांधणारा सोमवारी भेटेल. इतकं करून हात हलवत परत जाणं बरं दिसेना म्हणून मी 'फ' असलेला खंड मागून घेतला आणि गंभीरपणे 'फुगणे' काढलं. वाऱ्याने किंवा अन्य कारणाने आकार वाढणे, असं तिथे दिलं होतं. अन्य कारण कोणतं ते पहिल्या खंडात असणार.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. आणखी नुकसान असं लक्षात आलं की 'माग' चुकलं होतं. तिथे धोटा हवा होता, किंवा फणी, आणि त्याच्या आधारावर मी पूर्ण एक कोपरा उभा केला होता. मी खोडायला लागलो. सलूनमध्ये पुरवणीवर पाणी उडालं होतं, त्यामुळे कागद त्या जागी आधीच थकला होता. रबर आरपार गेलं आणि एका चौकोनाचं भोक झालं. भोक हा रिकामा रकाना धरायचा की नाही, याबद्दल करारात काहीच नव्हतं. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचा तुकडा मागून चिकटवला आणि तो रकाना पुन्हा अस्तित्वात आणला. त्यात काय लिहायचं, हा प्रश्न होताच.

प्राध्यापक आणि नर्सबाई निकालाच्या वेळी येतो म्हणून आपापल्या घरी गेले होते. नाना रोजच्याप्रमाणे कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला खाली उतरले होते. खुर्ची रिकामी होती. मी तिच्याजवळ गेलो, पण बसलो नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेवण्यासारखं आहे. कट्ट्यावर ती चौपदरी घडी होती. मी विचार केला की करारात माणसाला बंदी आहे; घडी म्हणजे माणूस नव्हे. शिवाय मला सगळी उत्तरं नको होती. माणूस कशाने फुगतो एवढंच हवं होतं. माणूस एवढा विचार करतो तेव्हा हात पुढे गेलेलाच असतो.

मी घडी उलगडली. पहिल्या ओळीत पहिला शब्द तीन अक्षरी होता. तिथे सुंदर वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं. पुढे चार चौकोन होते, तिथे 'लागू नाही'. दुसऱ्या ओळीत 'निरंक', मग पुन्हा 'निरंक'. सहा चौकोनांत 'वरीलप्रमाणे'. पाच चौकोनांत 'यथावकाश'. मधोमध नऊ चौकोनांची एक लांब पट्टी होती. तिच्यावर मी सकाळपासून डोकं फोडलं होतं. त्यात 'माहिती उपलब्ध नाही' हे एकही चौकोन न उरता बसलं होतं. विणकराचं साधन 'नाही'. सुताराचं हत्यार 'निरंक'. माणूस कशाने फुगतो, तर 'लागू नाही'. उभे शब्द वाचता येण्यासारखे नव्हते. ते दुसऱ्या विभागाचं काम, असं नानांनी धरलं असावं. सगळ्या पानावर एकही खाडाखोड नव्हती, आणि खाली सही होती.

पहिल्यांदा मला झाला तो आनंद. हे पान प्राध्यापकांपुढे धरायचं, नर्सबाईंपुढे धरायचं, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात धरायचं, हे सगळं मी मनातल्या मनात दोनदा करून बघितलं. मग ती कवळी, तो चष्मा आणि दर रविवारी पुसून उघडलेलं पेन माझ्या डोळ्यांपुढे आलं. या माणसापुढे आयुष्यभर सकाळी कागदांचा ढीग येत होता. आता आठवड्यातून एकच कागद येत होता, रकाने असलेला. कोडं त्यांनी कधी सोडवलंच नव्हतं. ते रविवारी चहा निवेपर्यंत कचेरीत जाऊन येत होते. मला त्यांचं वाईट वाटलं, अगदी सरळ वाईट वाटलं, आणि खुर्चीविषयीचा राग मनात असूनही ते कमी होईना.

मी कराराचा पाठकोरा कागद काढून पुन्हा वाचला. एकही रकाना रिकामा नसावा. उत्तरं बरोबर असावीत, असं त्यात कुठेही नव्हतं. ते मी गृहीत धरलं होतं. नानांनी फसवलं नव्हतं. त्यांनी शब्दशः लिहिलं होतं आणि शब्दशः पाळलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. घडी जागच्या जागी गेली. मी स्टुलावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच न थांबता कोडं भरू लागलो. मागाच्या जागी 'नाही'. त्या कोपऱ्यात 'निरंक', 'निरंक'. चिकटवलेल्या तुकड्यावर 'यथावकाश'मधला 'व' आला. राहता राहिले ते चार चौकोन. मी पहिलं 'अ' जपून खोडलं आणि तिथे 'लागू नाही' लिहिलं. सांगायला हरकत नाही, मला फार मोकळं वाटलं. माणसं परवाना कार्यालयात इतकी वर्षं कशी काढतात, हे त्या क्षणी मला समजलं.

नाना आले ते सलूनवाल्याला बरोबर घेऊन. तो राशिभविष्य न्यायला आला होता आणि खाली त्यांची गाठ पडली होती. मागोमाग साक्षीदार आणि नर्सबाई आल्या. बायको हात पुसत दारात उभी राहिली. बाहेर अजून दिवे लागले नव्हते. मी पुरवणी नानांच्या हातात दिली.

ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पेनाचं टोपण एकेका चौकोनावरून फिरवू लागले. माझ्या स्वतःच्या उत्तरांवरून टोपण सरळ पुढे गेलं. मग ते त्या कोपऱ्यात पोचलं आणि थांबलं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. टोपण पुन्हा चालू लागलं, पण हळू. "यथावकाश," असं ते स्वतःशी म्हणाल्याचं मला ऐकू आलं, कारण कानातला बोळा तोवर पडला होता. शेवटी ते चार चौकोनांपाशी आले आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिले.

"एकही रकाना रिकामा नाही," नानांनी जाहीर केलं. "मंजूर."

त्यांनी कोपऱ्यात सही करून तारीख घातली. प्राध्यापक उत्तरं बघायला पुढे सरसावले. तपासणी झालेली आहे, असं म्हणून नानांनी पान मिटलं. सलूनवाल्याला त्यांनी फक्त मागची बाजू दाखवली. त्याच्या राशीच्या जागी भोक होतं आणि भोकावर तुकडा. आपल्या नशिबात निदान वाईट तरी काही नाही, एवढं बघून तो पान न घेताच गेला. नर्सबाईंनी माझं अभिनंदन केलं आणि कानाचं विचारलं. बायको माझ्याकडे जराशी बघत राहिली. डोक्याकडे नाही, सरळ चेहऱ्याकडे, आणि मला ते आवडलं.

मग नाना उठले. चष्म्याची डबी घेतली, पेन खिशाला लावलं आणि चपलांच्या कपाटाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. मी 'बसा, बसा' म्हणणार होतो, पण त्यांनी हातानेच खूण केली. मी खुर्चीत बसलो. उजेड डाव्या खांद्यावरून आला, वारा लागला, रस्ता दिसला. चहा निघाला आणि पहिल्यांदा माझ्याकडे आला. सगळे गेल्यावर बायको फळीवर घालायला नानांची घडी घेऊन आत गेली. माझी घडी अजून नानांच्या हातातच होती. ते स्टुलावरून उठून माझ्यापाशी आले, घडी उलगडली आणि टोपण त्या चार चौकोनांवर ठेवलं.

"सगळ्यांसमोर बोललो नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "पण एवढं एक चुकलंय. इथं तुम्ही माझ्यासारखंच 'लागू नाही' लिहिलंत. तुम्हाला लागू आहे."